नवऱ्यासाठी हलकी रायफल

नवऱ्याला रायफल निवडून द्यायची वेळ माझ्यावर आली तेव्हा आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडून पुढे आलो होतो आणि त्याचा डावा हात नीट उचलला जात नव्हता. दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट असेल. आम्ही लंडनच्या पिनर भागात राहत होतो. मुलगी शिकायला एडिनबराला गेली होती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत होते, आणि रविवारी काउबॉय नेमबाजीला जात होते. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं, कारण पुढे मी त्यासाठी थांबणार नाही.

लॅबमधल्या एका मैत्रिणीने मला तिथे पहिल्यांदा नेलं. चुनखडीची एक जुनी, बंद पडलेली खाण. तिच्या पोटात लाकडी फळ्या उभ्या करून केलेला खोटा दारूगुत्ता, खोटी बँक आणि खोटा तुरुंग. समोर लोखंडी पत्रे टांगलेले. एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून यायचं आणि लिव्हर-ॲक्शन रायफलने दहा गोळ्या झाडायच्या, घड्याळ लावून. ट्रिगरभोवती लोखंडी कडी असते. ती खाली ढकलून वर ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत येतं. हे काम उजव्या हाताचं. डाव्या हाताने फक्त रायफल पुढून पेलायची. हा ‘फक्त’ मी तेव्हा अगदी सहज वापरत असे. पुण्यात कॉलेजमध्ये एनसीसीत असताना मी पालथं पडून नेम धरला होता, तेवढ्या भांडवलावर मी तिथे टिकले, आणि मग मला ते फारच आवडलं.

नवऱ्याने पहिली चार वर्षं त्याला ‘सर्कस’ म्हटलं. मी घोळदार स्कर्ट आणि हॅट घालून निघाले की तो दारात उभा राहून विचारायचा, “हत्ती किती वाजता येणारे?”

मग त्याला स्ट्रोक आला. माणूस वाचला, बोलणं महिनाभरात परत आलं, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला. डावा हात मात्र रुसला. बँकेतल्या सॉफ्टवेअरच्या टीमवर ज्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा तो माणूस मेडिकल रिटायरमेंट घेऊन मागच्या काचेच्या खोलीत बसून राहायला लागला. फिजिओने दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने बागेत भिरकावला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला एकदा गेलो, तर जो तो विचारी, “आता कसं वाटतंय?” आणि उत्तर ऐकताना बघायचं ते त्याच्या हाताकडे. त्यानंतर तो मंडळात गेला नाही. मला भीती वाटत होती ती हाताची नव्हती. हा माणूस त्या खुर्चीतून आता कधी उठणारच नाही, याची होती.

एका रविवारी त्याला घरी एकटं ठेवणं मला जिवावर आलं, म्हणून गाडीत घालून खाणीत घेऊन गेले. फोल्डिंगची खुर्ची मांडून दिली. तिथली एक रीत अशी की कुणी खऱ्या नावाने वावरत नाही. प्रत्येकाने एक खोटं नाव घेतलेलं असतं, आणि खरं नाव, नोकरी, आजार यांतलं काहीही कुणी विचारत नाही. (माझं नाव काय होतं ते मी सांगणार नाही.) आमचा शेरीफ, म्हणजे क्लबचा म्होरक्या, एरवीचा रिटायर्ड बसड्रायव्हर, नवऱ्यापाशी आला आणि त्याने एवढंच विचारलं, “तू कोण होणार?” नवऱ्याने दोन आठवडे विचार केला आणि आपल्या एका जुन्या, नावडत्या मॅनेजरचं नाव घेतलं. म्हणाला, “आता त्याच्या नावाने खुशाल मिस मारेन.”

कितीतरी महिन्यांनी मी त्याला स्वतःच्याच विनोदावर हसताना पाहिलं. गाडीत मी रस्त्याकडे बघत राहिले.

नवख्याला आधी काही महिने क्लबच्या रायफलने शिकावं लागतं. क्लबची रायफल लांब अष्टकोनी नळीची, जवळजवळ पावणेचार किलोची. हिच्या नळीखालच्या पोकळीत दहा गोळ्या भरल्या की सगळं वजन पुढे येतं, म्हणजे नेमकं डाव्या हातावर. नवख्याला दहा गोळ्यांना मनातल्या मनात वीस आकडे मोजण्याइतका वेळ लागतो. नवऱ्याचा हात आठाला खाली यायचा. शेरीफ शांतपणे रायफल धरायचा आणि म्हणायचा, “पुन्हा करू.” नवरा पुन्हा करायचा, हात पुन्हा आठाला खाली यायचा.

त्याला स्वतःची हलकी रायफल हवी, हे उघड होतं. डॉक्टरांची हरकत नव्हती. त्याने परवान्याचा अर्ज केला आणि नोव्हेंबरात पोलिसांचा अधिकारी घरी चौकशीला आला. इथला नियम असा की ज्याच्या नावावर परवाना नाही त्याला बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे कळता कामा नये, मग तो सख्खा नवरा का असेना. माझ्या रायफलीच्या कपाटाची किल्ली मी ठेवली होती समईत. आईने लग्नात दिलेली दोन फुटी पितळी समई, देवघराशेजारी उभी असायची. तिचा मधला दांडा पोकळ आहे, पेच फिरवला की सुटा होतो. नवरा देवापाशी फक्त प्रसादाला येतो, त्यामुळे याहून सुरक्षित जागा अख्ख्या पिनरमध्ये नव्हती.

अधिकाऱ्याने त्याला विचारलं, “पत्नी किल्ली कुठे ठेवतात, माहीत आहे?”

“मला माझे मोजे सापडत नाहीत,” नवरा म्हणाला.

अधिकारी हसला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं.

जानेवारी-फेब्रुवारीत खाणीत पाणी साचतं, तेव्हा क्लब बंद असतो. परवाना फेब्रुवारीच्या मध्यावर आला. तेवढ्या दिवसांत मी रायफल शोधायला लागले. दोन शनिवार किराणा आणते असं सांगून मी एका शेतावरच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराकडून खोट्या गोळ्या मागून घेतल्या, प्रत्येक रायफलीत दहा-दहा भरल्या आणि माझ्या डाव्या हातावर पेलून वीसपर्यंत मोजलं. शेवटी एक मिळाली. सोळा इंची नळी, अडीच किलोच्या आतबाहेर. आधीची मालकीण ठेंगणी असावी, तिने खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता इंचभर कापून घेतला होता. हलकी रायफल खांद्याला जास्त लाथ मारते, पण त्यावर सौम्य काडतुसं हा उपाय होता. मी सगळ्याचा विचार केला होता, आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

त्याच दिवसांत एक गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली. समईचा दांडा मध्येच लखलखीत दिसत होता. वरची तबकडी तेलाने काळी ती काळीच. मला वाटलं, बाई साफसफाईला येते तिचं काम असणार, दिसेल तेवढं पुसते झालं.

मार्चच्या पहिल्या रविवारी क्लब उघडणार होता. आदल्या दिवशी मी नवऱ्याला दुकानात नेलं. त्याने माझी रायफल खांद्याला लावली.

“स्टॉक फार शॉर्ट आहे,” तो म्हणाला. “अंगठा नाकाला लागतोय माझा.”

“सवय होईल.”

त्याने ती खाली ठेवली. मग रॅककडे गेला आणि स्वतःच एक काढली, वीस इंची गोल नळीची, माझ्या निवडीपेक्षा चांगली अर्ध्या किलोने जड. दुकानदाराकडून खोट्या गोळ्या भरून घेतल्या आणि समोरच्या भिंतीवर नेम धरला. त्याचं मनगट जरासं थरथरलं. तेवढं मला पुरलं. मी पाचसुद्धा मोजले नाहीत आणि दुकानदारासमोर ती रायफल त्याच्या हातातून काढून घेतली. “ती पहिली बाजूला ठेवा,” मी दुकानदाराला सांगितलं. “पुढच्या शनिवारी येऊन नेतो.”

आम्ही मोटरवेला लागलो. तेव्हा तो म्हणाला, “तू पेशंटसाठी गन चूझ केलीस.”

“तुझा हात मला माहितीये ना.”

“तिथे मी पेशंट म्हणून येत नव्हतो. तेवढीच एक जागा होती.” मग म्हणाला, “उद्या तू जा. मी घरीच थांबतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी धावपळ कुणासाठी केली मी? घरी आल्यावर तो काचेच्या खोलीत जाऊन बसला आणि मी भांडी गरजेपेक्षा मोठ्या आवाजात घासली. राग ओसरला तेव्हा मला दुकानातलं आठवलं. मंडळातले लोक निदान नुसते बघायचे. मी त्याच्या हातातली वस्तू काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कर्ट घालून किल्ली घ्यायला देवघरापाशी गेले. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच समई जागची हलवत होते. एरवी समई कलती केली की आत किल्ली खुळखुळते. त्या दिवशी आवाज आला नाही. पेच फिरवला, दांडा सुटा केला, तर किल्ली आत होती, पण कापसाच्या वातींनी घट्ट वेढलेली. मी दुकानातून तयार वाती आणते, एकसारख्या, मशीनच्या. या हाताने वळलेल्या होत्या. एखादी करंगळीएवढी जाड, एखादी मध्येच सुतासारखी बारीक. वात वळायला दोन्ही हात लागतात.

माझा हात दांड्यावर होता, बरोब्बर त्या लखलखीत जागेवर.

समई घेऊन मी काचेच्या खोलीत गेले. तो चहा पीत होता. समईकडे बघून त्याने कप खाली ठेवला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“जानेवारी. तू वर आंघोळीला गेलीस की.”

“ऑफिसर आला तेव्हा माहीत होतं?”

“तेव्हा नव्हतं. घरात लांब आणि जड दुसरं काही सापडेना म्हणून उचलली, तर खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. वरपर्यंत ऐकू गेलं असतं.”

म्हणजे परवाना हातात येण्याआधी महिनाभर त्याला किल्लीची जागा माहीत होती. पोलिसांनी हे वाचू नये. पण परवाना येऊन पंधरा दिवस झाल्यावरही मी ती त्याला सांगितली नव्हती, हे जास्त वाईट होतं. माझ्या मनात आलंच नव्हतं.

“धरून दाखव,” मी म्हटलं.

त्याने समई डाव्या हाताने दांड्याच्या मधोमध धरली आणि बागेच्या दिशेने सरळ पुढे केली. मी मोठ्याने मोजायला लागले. सुरुवातीला मनगट थरथरलं, दुकानात थरथरलं होतं तसंच. पाचाला ते थांबलं. आठ गेले, बारा गेले. विसाला मला रडू यायला लागलं होतं, तरी मी मोजत राहिले. सत्ताविसाला तो म्हणाला, “आता घे बाई, ही तुझ्या आईची आहे, पडली तर तूच बोलशील.”

मी समई घेतली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. कपाट त्याने उघडलं.

सोमवारी लंचच्या सुट्टीत मी लॅबमधून दुकानात फोन लावला. बाजूला ठेवलेली नको, म्हटलं, वीस इंची ठेवा.

“का हो?” दुकानदाराने विचारलं. “साहेबांना जड झाली का ती?”

“नाही,” मी म्हटलं. “हलकी झाली.”