टेलरकाकांचे पाय

टेलरकाका उठायच्या आधी आपल्या पायांना विचारायचे, "काय पावणं, येतासा न्हवं?" मग कापड मोजायच्या लाकडी गजानं दोन्ही गुडघ्यांवर टकटक करायचे. पाय आले तर उठायचे, नाहीतर त्यांना दोन शिव्या घालून पुन्हा काजं करत बसायचे. मंगळवार पेठेत आमच्या घरासमोरच त्यांचं दुकान होतं, त्यामुळे या शिव्या मला लहानपणीच पाठ होत्या.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं. दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची होती. अकराव्याला पाय लुळे पडले. डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली आणि समजावलं, की क्वचित एखाद्याचं शरीर त्या लशीवर चिडतं आणि त्या रागात स्वतःच्याच नसांवर तुटून पडतं. काका सहा महिने अंथरुणात होते. उठले ते अर्धेच. पायमशीन विकून त्यांनी हातमशीन घेतली. "कुत्रं एकदाच चावलं, माझं अंग मला रोज चावलं," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. ते ऐकून पेठेतल्या बायकांनी इंजेक्शनाचा धसकाच घेतला.

मी नऊ वर्षांची असताना बोळात मलाही कुत्रं चावलं. तिसऱ्या दिवशी ते लाळ गाळत मेलं. बाबा म्हणाले, दवाखान्यात चला. आई दारात आडवी उभी राहिली आणि नुसतं समोरच्या दुकानाकडे बोट दाखवून तिनं त्यांना गप्प केलं. मुरगूडकडचा एक वैद्य मुळी द्यायचा, तिकडे मला न्यायचं तिनं ठरवलं. माझी आई एकदा ठरवलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. मलाही इंजेक्शनाचीच जास्त भीती, म्हणून मी तिच्या बाजूची.

बाबांनी जाऊन काकांना सांगितलं. त्या दिवशी काकांनी पायांना विचारलंच नाही. रस्ता ओलांडून आमच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत त्यांचा सदरा घामानं भिजला. ते उंबऱ्यावरच बसले.

"वैनी, माझ्याकडं बोट दाखवून पोरीला मारू नका," ते म्हणाले. "मला चावलेलं कुत्रं पलीकडच्या गल्लीतल्या सुतारालाबी चावलंवतं. त्यानं मुळी खाल्ली. पाण्याला भिऊन मेला. त्यो आता कुणाला दिसत न्हाय. मी दिसतोय, म्हणून मला भितासा."

आईनं विचारलं, "आणि हिचे पाय गेले तर?"

काही होत नाही, असं म्हणणं किती सोपं होतं! पण काकांनी तसं म्हटलं नाही.

"गेलं तर माझी हातमशीन हिची. पर ही ऱ्हाईल की."

आईनं डोळे पुसले आणि बाबांना टांगा आणायला सांगितलं.

ते चौदा दिवस मी विसरणार नाही. रोज दवाखान्यातून आलं की काकांसमोर मला कोपऱ्यावरच्या नळापर्यंत चालून यावं लागे. ते माझ्या तोंडाकडे बघतच नसत, फक्त पायांकडे. अकराव्या दिवशी त्यांनी मला तीनदा चालवलं. त्या दिवशी ते जेवलेच नव्हते, असं काकींनी पुढे कधीतरी सांगितलं.

मला काही झालं नाही. सगळे विसरले. काका मात्र विसरले नाहीत. शाळेत जाताना, पाणी भरताना, दुकानावरून गेले की त्यांची नजर आधी माझ्या पायांवर जायची. मोठी झाल्यावर मला त्याचा रागसुद्धा यायचा.

एकोणसाठ साली माझं लग्न झालं. सासरी निघताना मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "चाल बघू एकदा." नवं लुगडं सावरत, सगळं वऱ्हाड बघत असताना, मी नळापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा काका पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होते.

"जा आता," ते म्हणाले. "आता न्हाय बघत."