वहिनींनी घेतलेला दोष

नातीने काल मांजरीसाठी पिसं बांधलेली काठी आणली. मांजर हात चावायला आली की ती काठी पुढे करते. ते पाहिलं आणि पोलादपूरजवळचं आमचं घर आठवलं. साठ वर्षं तरी झाली असतील.

भाताच्या कणगीला उंदीर लागत, म्हणून वहिनींनी सोनी नावाचं पिल्लू पाळलं होतं. सुंभाला चिंधी आणि कोंबडीचं पीस बांधून त्या तिला खेळवत. मी मात्र बोटं नाचवायचो. ती चावली की मला गंमत वाटे.

"भावजी, तिला हात नका देऊ. उद्या पोराचा हात पण तिला खेळच वाटंल."

"वहिनी, मांजराची शाळा काढलीत काय?" मी हसायचो.

भाताच्या झोडणीच्या दिवसांत सोनीने पाळण्याबाहेर आलेला तान्ह्या पुतण्याचा हात दातांत धरला. करंगळीतून रक्त आलं. अंगणभर ताज्या पेंढ्याचा वास होता. वडील ओरडले, "सूनबाई, तूच लाडावलीस तिला!"

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून पेंढा बांधत राहिलो.

"माझं चुकलं, मामंजी," त्या म्हणाल्या.

वडिलांनी सोनीला पोत्यात घातलं आणि आंबेनळी घाटाच्या पलीकडे सोडून आले. वहिनींनी पुन्हा मांजर पाळलं नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

वहिनी आता नाहीत. पुतण्या अजून करंगळी दाखवून हसत सांगतो, "ही आईच्या लाडाची खूण." त्याला आज पत्र लिहिलं: तुझी आई मला अडवत होती. सोनीला हात चावायला मी शिकवलं.