शालोमरावांचा दहावा शब्द

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. कुंभकोणमच्या आमच्या ओट्यावर पन्नासच्या दशकात इतके साचले, की आता एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! आणि चारांपैकी तीन शालोमरावांचे असतात.

ओटा आमच्याच घराचा. दर शनिवारी दुपारी तिथे आमची विठ्ठलाची भजनी मंडळी जमायची. माझे वडील अप्पा, भांड्यांचे दुकानदार तुळजोजीराव, नुकताच शाळामास्तर झालेला मी, आणि आणखी पाच जण. सगळे तंजावरकडचे मराठी. रस्त्यावर तमिळ बोलायचं आणि ओट्यावर चढलं की मराठी.

एका शनिवारी काळी टोपी घातलेले एक गृहस्थ रस्त्यात थबकले. भजन संपलं तरी हलेनात. अप्पांनी त्यांना वर बोलावलं. ते तारऑफिसात बदलून आलेले शालोमराव. मूळचे अलिबागकडचे, धर्माने यहुदी, बेने इस्राएल, आणि घरची भाषा मराठी. या गावात आल्यापासून मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता म्हणाले. मग जरा संकोचून म्हणाले, "तुमची मराठी माझ्या पणजोबांसारखी आहे." आम्ही तो मानच समजलो.

*

मग ते दर शनिवारी येऊ लागले. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा वार, म्हणून ऑफिसात रविवारची ड्यूटी घ्यायची आणि शनिवार मोकळा ठेवायचा, हा त्यांचा नेम. शनिवारी ओझं वाहायचं नाही म्हणून त्यांचं पुस्तक आमच्याच देवघराच्या फळीवर असायचं. मोशेच्या पाच ग्रंथांचे त्यांच्यात वर्षभराच्या आठवड्यांत भाग पाडलेले. त्या आठवड्याचा भाग ते मराठीत वाचायचे आणि त्यातला गूढ अर्थ सांगायचे. तो त्यांना कोचीच्या एका म्हाताऱ्या गुरूंनी शिकवला होता.

पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीचा. शालोमराव म्हणाले, आरंभी सगळीकडे देवच होता. जगाला ठेवायला जागाच नव्हती. म्हणून देवाने आधी काही केलं असेल, तर स्वतःला आवरून घेतलं, जरा सरकून जागा करून दिली.

आता आमचे तुळजोजीराव म्हणजे अर्धा ओटा! त्यांच्या शेजारी बसणाऱ्याचा एक पाय कायम खाली लोंबकळायचा. अप्पांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"तें देवास होतें. मज होत नाहीं," तुळजोजीराव म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

*

कॉफीचा तिढा निराळाच. शनिवारी शालोमरावांना विस्तव पेटवायची मनाई, आणि आपल्यासाठी दुसऱ्याला पेटवायला सांगायचीही मनाई. आईने पहिल्यांदा विचारलं, "तुम्हांस कॉफी करूं?" त्यांनी नको म्हटलं, पण नजर स्वयंपाकघराकडेच. आई काय ते समजली. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. आठ जणांची कॉफी करायची आणि दर वेळी चुकून एक पेला जास्त व्हायचा. "ही उरली, कोण घेतें?" असं म्हणत ती शालोमरावांपुढे ठेवायची. सहा वर्षं तिची ही चूक सुधारली नाही.

*

मोशेने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या, तो भाग आला त्या आठवड्याची गोष्ट. शालोमराव म्हणाले, फुटण्याची कथा त्याहून जुनी आहे. देवाने आपला प्रकाश भांड्यांत ओतला, तो भांड्यांना पेलवला नाही आणि भांडी फुटली. त्याच्या ठिणग्या जगभर विखुरल्या, त्या अजून वेचायच्या आहेत.

तुळजोजीराव पान लावता लावता म्हणाले, "ठाऊक आहे. तें एथेंच फुटलें."

कुंभकोणमच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. प्रलयाच्या पाण्यात अमृताचा कुंभ वाहत आला, शिवाने बाण मारून तो फोडला, आणि अमृत जिथे सांडलं ते तळं आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तुळजोजीराव त्यांना घेऊन तसेच तळ्यावर गेले. शालोमराव पायरीवर कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, खापऱ्या कोणी वेचल्या? देवानेच, तुळजोजीरावांनी सांगितलं. वाळूत कालवून त्याने त्यांचंच लिंग केलं.

"आमच्यात ते काम माणसांवर टाकलंय," शालोमराव म्हणाले. "आणि माणसं कुठे कुठे पांगलीत."

*

शालोमरावांच्या लोकांत माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसावर एकेक शब्द म्हणत जायचं. दहावा शब्द कोणावर तरी पडला, की दहा पुरे झाले. दहा पुरुष असल्याखेरीज त्यांच्या काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. अप्पांना यात नवल वाटलं नाही. इन्नंबूरला आमच्या शेतावरचं भात मापणारा माणूसही पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.

"मग एथें तुम्हे काय करतां?" अप्पांनी विचारलं.

"पहिला शब्द माझ्यावर म्हणतो आणि थांबतो," ते म्हणाले.

*

तारऑफिसात कटकट करत येणाऱ्या तारा उतरवून घेणं हे त्यांचं काम. एका मंगळवारी त्यांनी अशीच एक तार उतरवली. पत्ता लिहिताना कळलं की ती त्यांच्याच नावाची आहे. अलिबागला त्यांची आई गेली होती.

आईसाठी मुलाने म्हणायची प्रार्थना असते, आणि तिला ते दहा लागतात. अलिबागला जायला रजा मिळेना. शनिवारी आमचे आठही जण न्हाऊन, डोईला पागोटी बांधून आले. शालोमराव धरून नऊ झाले. तुळजोजीरावांनी पट्टीश्वरम्‌हून आपल्या मेहुण्याला बैलगाडीने आणवलं होतं. शालोमरावांनी आमच्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द म्हणत गेले. दहावा त्यांच्या स्वतःवर आला. मग त्यांनी पुस्तक मिटलं. ते दहा यहुदीच असावे लागतात, असं हळूच म्हणाले.

तुळजोजीरावांना ते फार लागलं. "आम्हे माणसें नव्हे काय?"

"माणसं आहात, म्हणूनच तुमच्यासमोर खोटं मोजवत नाही."

दोन शनिवार तुळजोजीराव आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले आणि बसायच्या आधीच विचारलं, "हे तुमचे दहा कोठें मिळतात?" शालोमरावांचा धाकटा भाऊ इस्राएलला गेला होता, तिकडे बोलावत होता. आईचं कसं होणार म्हणून ते राहिले होते. आता ती अडचणही उरली नव्हती.

*

त्यांच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी वर्षाचा शेवटचा भाग वाचला. त्याचा खरा दिवस आठवडाभर पुढे होता, पण तेव्हा ते बोटीवर असणार होते. मोशे डोंगरावरून देवाने कबूल केलेला देश बघतो आणि तिथे न पोहोचताच मरतो. वाचून होताच त्यांनी पानं मागे उलटली आणि सृष्टीचा पहिला भाग सुरू केला. संपवून थांबायचं नाही, अशी त्यांची रीत. त्या दिवशी आईची कॉफी खरंच कमी पडली. आई बाहेर आलीच नाही.

*

वर्षभराने पत्र आलं. अप्पांनी ते शनिवारी ओट्यावर वाचून दाखवलं.

'इथे दहा जण कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. आईची प्रार्थना म्हटली, मन हलकं झालं. सगळे घरी गेल्यावर एकटा बसलो आणि ते वचन पुन्हा म्हणू लागलो. अप्पा, तुळजोजीराव, मास्तर, असे सगळे घेतले. पट्टीश्वरम्‌चे पाहुणेही घेतले. नऊ शब्द झाले. दहावा तोंडात तसाच आहे. तो म्हणायला तिथे यावं लागेल.'

अप्पांनी पत्राची घडी घातली. कोणीतरी टाळ उचलले.

तेवढ्यात तुळजोजीरावांनी भिंतीला हात टेकला, अर्धवट उठले, आणि हातभर सरकून बसले.