वाटेची मालकीण

तिला सगळे वाटवाली म्हणत. ते नाव तिच्या धाकट्या दिरानंच पाडलं होतं, चेष्टेनं.

डोंगरातलं रान पूर्वी सगळ्या वस्तीचं. मध, डिंक, सरपण ज्याला लागेल त्यानं न्यावं. झाड मात्र सगळ्यांना विचारल्याशिवाय तोडू नये. मग जमिनी कागदावर चढवायला सरकारी माणसं आली आणि चार बुकं शिकलेल्या दिरानं अख्खं रान स्वतःच्या नावावर करून घेतलं. तिचा नवरा कचेरीत गेला, रान सगळ्यांचं आहे म्हणाला. तेव्हा हा सख्खा भाऊ साहेबासमोर म्हणाला, "दारुडा आहे तो. त्याचं काय ऐकता?" आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस खाली मान घालून घरी आला आणि पुन्हा कधी चार लोकांत बसला नाही. तसाच गेला. तिनं दिरावर दात धरला.

वाटणीत दिरानं तिला रानातून सडकेकडे उतरणारी खडकाळ पट्टी दिली. दोन्ही अंगांना कडा, उतरायला दुसरी वाट नाही, वर गवताची काडी नाही. "वहिनी, वाटेवर बसून राज्य करा," असंही वर म्हणाला. तिनं पट्टी नावावर करून घेतली, फाटक लावलं आणि टोपल्या विणत बसली.

पुढे दिरानं रानातली झाडं लाकडाच्या व्यापाऱ्याला विकली. विसार घेतला, घरावर मजला चढवला. झाडं कोसळत होती, ती फाटकाशी टोपल्या विणत राहिली. ओंडके रचून झाले, ट्रक आला आणि फाटकाशी थांबला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं ट्रक रिकामा!

"माणसांना वाट आहे, लाकडाला नाही," ती म्हणाली.

व्यापाऱ्यानं भाव वाढवून पाहिला. ती ढिम्म. ओंडक्यांना बुरशी लागली, व्यापारी विसार परत मागू लागला, तसे दिराचे पाय जमिनीला लागले.

"वहिनी, काय हवं ते मागा. लहानपणी तुम्हीच मला भरवलंय."

"त्याचाच पश्चात्ताप होतो," ती म्हणाली. "पैसा नको, भाऊजी. सगळ्यांसमोर सांगा, माझा नवरा खरं बोलत होता."

एवढ्यावर सुटतोय म्हणून दीर खूश झाला. वस्ती फाटकाशी जमली, व्यापारीही आला. दीर घसा खाकरून म्हणाला, "दादा कधी प्यायचा नाही. तो सांगत होता ते खरं होतं. रान सगळ्यांचंच होतं."

"सगळ्यांचं?" व्यापारी उसळला. "मग तुम्ही मला काय विकलंत?"

दिराच्या तोंडचं पाणी पळालं. "तसं नाही हो, मी आपलं वहिनींच्या समाधानासाठी..." वस्तीतली माणसं एव्हाना त्याच्याभोवती सरकली होती. एक म्हातारा म्हणाला, "बोललास ते आम्ही ऐकलंय."

वाटवालीला दया यायला हवी होती. आली नाही. इतक्या वर्षांनी छातीत गार वाटलं.

"भाऊजी," ती गोड आवाजात म्हणाली, "मागच्यांना नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं सांगा."