मामांची अब्रू आणि लाल टॅग

माझ्या बायकोच्या मामांइतकी नाजूक अब्रू अख्ख्या पिंपळे सौदागरात दुसऱ्या कुणाची नसेल. लोकांच्या घरात कपबशा फुटतात, मामांची अब्रू फुटायची, आणि तीही दिवसाआड. माझ्या लग्नात वाढप्याने भर पंगतीत "मामांना गोड जरा जास्तच चालतं" असं म्हटलं आणि जिलबीचं ताट पुढे नेलं. झालं! मामा अर्ध्या पानावरून उठून थेट माझ्याकडे आले. मी तेव्हा बायकोच्या तोंडात घास घालत होतो. "जावईबापू, ऐकलंत ना तुम्ही? मग तुम्ही साक्षीदार," म्हणाले. त्या घरात मी जावई नंतर झालो, साक्षीदार आधी.

मामा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तिथे कधीतरी साहेबाने सगळ्या लाइनसमोर त्यांना बैल म्हटलं आणि मामा शिफ्ट संपल्यावर तडक वकिलाकडे गेले. वकिलाने केस काही घेतली नाही, पण चहा पाजून अब्रुनुकसानीचा कायदा नीट समजावून सांगितला. बोलणं तिसऱ्या माणसाच्या कानावर गेलं पाहिजे. त्याने लोकांच्या नजरेत आपली किंमत उतरली पाहिजे. शब्दच हवेत असं नाही, नुसत्या खुणेनेही बदनामी होते. आणि गोष्ट खरी असेल, शिवाय ती सांगण्यात लोकांचं भलं असेल, तर गुन्हा नाही. बाकीची माणसं हे ऐकून घरी जातात आणि विसरतात. मामांनी ते आयुष्याला लावून घेतलं.

तो तिसरा माणूस तर त्यांच्या डोक्यात कायमचा राहायलाच आला. मामा राहतात आमच्याच सोसायटीत. एकदा पार्किंगमध्ये शेजारच्या विंगमधले गृहस्थ त्यांना "डोकं फिरलंय तुमचं" म्हणाले. आसपास चिटपाखरू नव्हतं. मामांनी त्यांना हातानेच थांबवलं, गेटवरून वॉचमनला बोलावून आणलं, मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "हं, आता म्हणा." त्या गृहस्थांना एव्हाना राग कशाचा आला होता तेच आठवेना. शेवटी तिघांनी मिळून गाडी सरळ लावली. मामांच्या कायद्याने अशी कितीतरी भांडणं मिटवली असतील, फक्त ते त्यांना सांगायची सोय नव्हती. केस त्यांनी उभ्या जन्मात एकही केली नाही. धमकी मात्र रोज. अब्रुनुकसानीचं जुनं चारशे नव्याण्णव कलम जाऊन नव्या कायद्यात तीनशे छप्पन्न आलं तेव्हा तर दोन दिवस घरात सुतक असल्यासारखे बसून होते. "चारशे नव्याण्णव म्हटलं की माणूस चरकायचा हो. तीनशे छप्पन्न म्हटलं की लोकांना वाटतं मी राष्ट्रपती राजवट लावतोय!"

दुसरं वेड टॅगचं. त्यांच्या कंपनीत नियम असा, की पार्टमध्ये दोष दिसला रे दिसला की त्याला लाल टॅग बांधायचा, आणि दोष दूर होईपर्यंत ब्रह्मदेव आला तरी तो काढायचा नाही. रिटायर होताना मामांनी उरलेल्या टॅगचा गठ्ठा घरी आणला. ठळक अक्षरात छापलेलं 'रिजेक्ट', खाली दोष लिहायला एक ओळ. मग गळका नळ, करकरणारा पंखा, आमचा शिट्टी न होणारा कुकर, सगळ्यांच्या गळ्यात लाल टॅग. माझ्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता, त्यालाही बांधला, आणि मी तसाच ऑफिसला गेलो. मामी गेल्यापासून हे वेड जरा वाढलंच होतं. रिकाम्या घरात माणूस दुसरं काय तपासणार?

मामी गेल्यावर त्यांचा डबा लावला होता सोसायटीत डबे देणाऱ्या मावशींकडे. मावशी परभणीकडच्या, नवरा नाही, दोन मुली शिकणाऱ्या. सगळं घर डब्यांवर. आमच्या सोसायटीत चाकणच्या कंपन्यांतली बरीच पोरं भाड्याने राहतात. त्यांचे डबे मावशी सकाळी गेटजवळच्या टेबलावर मांडून ठेवायच्या आणि पोरं कंपनीची बस पकडता पकडता उचलायची. एके सकाळी मामा फिरून येताना त्यांना एका डब्याची कडी तुटलेली दिसली. खिशात टॅग होताच. बांधला. दोष लिहायला पेन नव्हतं, म्हणून ती ओळ तशीच राहिली, आणि मामा पेन आणायला वर गेले ते पेपर वाचत बसले.

तेवढ्यात कुणीतरी त्या डब्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लाल टॅग, वर 'रिजेक्ट'. दुपारपर्यंत जेवणात झुरळ निघालं, संध्याकाळपर्यंत तपासणीवाले येऊन गेले, आणि रात्री कुणाच्या तरी मेहुण्याला सलाइनही लागलं. सगळं ग्रुपवरच. आठवडा संपायच्या आत टेबलावर मोजके डबे उरले. मामा ग्रुप वाचत नसत. तिथे आपली बदनामी होते, असा त्यांचा संशय होता.

मी मामांकडे बसलो होतो तेव्हा मावशी आल्या. डोळे सुजलेले. अब्रूच्या बाबतीत सोसायटीत एकच माणूस जाणता, हे त्यांनाही ठाऊक होतं. "दादा, लोकं डबे बंद करायलेत," म्हणाल्या. "पोरीची फी कशी भरू? ज्यानं हे बांधलं त्याच्यावर केस करायची बघा." आणि पदरातून तो टॅग काढून मामांच्या पुढ्यात ठेवला.

मामांनी तो उलटून पाहिला. गाठ त्यांचीच होती, कंपनीत शिकवलेली. मला वाटलं आता म्हणतील, हेतू वाईट नव्हता, कडी खरंच तुटली होती. कायद्याने त्यांना तेवढी जागा होती आणि ती त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. पण मामा म्हणाले, "मावशी, हा मीच बांधला. करा केस. साक्षीदार हे आमचे जावई."

 मावशी म्हणाल्या, "तुमच्यावर केस करून माझे डबे येतेत का परत?"

याचं उत्तर वकिलाने सांगितलं नव्हतं. मामांनी माझ्याकडून ग्रुपवर माफीचा लांबलचक मजकूर टाकून घेतला, पण तेव्हा तिथे टँकरवरून जुंपली होती. कुणी पाहिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बसच्या वेळेला, मामा गेटवर खुर्ची टाकून बसले. मांडीवर मावशींचा डबा. रस्त्यावर खाणं म्हणजे अब्रू गेली असं मानणारा हा माणूस, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर पोळीभाजी खात होता. गळ्यात लाल टॅग. आज पेन विसरले नव्हते. दोष: कारण न लिहिता दुसऱ्याला रिजेक्ट केलं. पोरं हसली, फोटो निघाले, साऱ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरले. आमच्या हिला रडू आवरेना. मी खाली जाऊन म्हटलं, "मामा, काढा आता ते." तर म्हणाले, "दोष दूर झाल्याशिवाय काढता येत नाही, तुम्हाला माहितीये."

रोज बसत होते. पोरं थांबायला लागली, विचारायला लागली, मामा घासाघासाला हकिगत सांगायला लागले. हळूहळू टेबलावर डब्यांची गर्दी परत आली. मग एका सकाळी मावशींनी स्वतःच येऊन मामांच्या गळ्यातला टॅग सोडला. "झालं दुरुस्त. घरात बसून जेवा आता," म्हणाल्या. 

तेव्हापासून मामा कुणाला धमकी देत नाहीत. टॅगचा गठ्ठाही कुठे दिसत नाही. आमचा कुकर पुन्हा बिघडलाय, पण त्यांनी नुसतं पाहिलं आणि सोडून दिलं. मला खरं सांगायचं तर करमत नाही. परवा मामांबरोबर लिफ्टमध्ये दोन पोरं होती, त्यातलं एक दुसऱ्याला हळूच म्हणालं, "हेच ते रिजेक्ट मामा." लिफ्टमध्ये मीही होतो. म्हणजे ऐकणारे पुरेसे होते, साक्षीदार तयार होता. मी आशेने मामांकडे पाहिलं. एकदा तरी म्हणा, मामा, चारशे नव्याण्णव म्हणा.

मामा मजल्याच्या आकड्यांकडे बघत हसले. "केस उभी राहणार नाही, जावईबापू," म्हणाले. "खरं आहे ते. आणि सांगण्यात लोकांचं भलंच आहे."