सरांना शंख सांगताना

कच्छच्या खडकांत सापडलेला ज्युरासिक काळातला एक समुद्री शंख मी परवा सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी जन्मभर असे दगड झालेले शंख ओळखले, आम्हालाही ओळखायला शिकवलं. आता त्यांना दिसत नाही. वेढ्यांवरून अंगठा फिरवून ते म्हणाले, "बोटंही बधिर झालीत गं. तूच सांग."

मी भिंगातून बघत सांगू लागले. वेढे सहा, शिखर टोकदार, तोंडाची कड तुटलेली.

"हे शेकडो शंखांना लागू होईल," सर म्हणाले. "हा कसा आहे?"

मी पुन्हा पाहिलं. शेवटच्या वेढ्यावर एक वाकडा व्रण होता. कवच कधीतरी फुटलं असावं आणि आतल्या जिवाने ते सांधून पुढे वाढवलं असावं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ते दुखणं मला लख्ख दिसत होतं. जे इतकं स्पष्ट दिसतं, ते शेजारी बसलेल्या माणसालाही दाखवता येऊ नये?

"एक व्रण आहे, सर."

"कसा?"

"वाकडा. भरून आलेला."

सर मान वर करून पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले, आणि मला तो सापडेना.