विहिरीभोवतीचे हात

आमच्या बौद्धवाडीतली मेघा महाहट्टी. तिच्या अंगणवाडीत पोरांनाही हट्ट करायची टाप नाही.

कर्जतजवळच्या आमच्या गावातल्या बंद विहिरीत दिवे आणि जुने आवाज बसवायचे ठरले, तेव्हा डिझाइन कॉलेजच्या तेजश्रीने पुठ्ठ्याची विहीर करून गावापुढे ठेवली. बटण दाबलं की आतून रहाटाची करकर ऐकू यायची. "काय बदलू, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

मेघा उठली. "बटन नको. सगळ्यांनी हात धरले तरच विहिरीनं बोलावं. आमचा हात हिला कधी लागू दिला नाय."

वरच्या आळीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेजश्रीला मात्र पटलं. तिने काठावर तांब्याच्या दोन पट्ट्या लावल्या. पहिल्याने एकीवर हात ठेवायचा, शेवटच्याने दुसरीवर, मधल्यांनी एकमेकांचे हात धरायचे. कातडीला कातडी भिडली तरच दिवे लागणार, कुठे तुटलं तर अंधार. सरपंचांनी बजावलं, "उद्घाटनाला नाय चाललं, तर बटनच."

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. मेघाच्या डावीकडे वरच्या आळीतली ठकूबाई उभी राहिली. लहानपणी मेघाच्या ओंजळीत वरून पाणी सोडणारी हीच ती ठकूबाई. साखळी धरली, दोन्ही पट्ट्यांवर हात टेकले.

अंधार.

तेजश्रीने धावत तारा तपासल्या, सगळ्या ठीक होत्या. मागून कुणीतरी हसलं. सरपंच घड्याळ बघू लागले. मेघाचा चेहरा उतरला आणि सगळ्यांच्या नजरा ठकूबाईकडे वळल्या. माझं तर डोकंच फिरलं. म्हातारीने हात चोरला, दुसरं काय!

"ठकूबाई, हात धरा की नीट!" मी ओरडलो.

"मी कवाचा हात दिलाय," म्हातारी म्हणाली. "तिनंच माज्या बांगड्या धरल्यात रं."

मेघाने खाली पाहिलं. खरंच होतं. तिची बोटं हिरव्या काचेच्या बांगड्यांवर आवळलेली होती, कातडीला कुठे म्हणून शिवली नव्हती. शिवू नकोस, हे तिच्या आईने तिला चालायच्या आधी शिकवलं होतं. एवढी भांडून आणलेली साखळी तिच्याच हाताने तोडली होती. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला, त्या शिकवण्याचा आणि ते शिकवायला लावणाऱ्यांचा.

ठकूबाईने तळहात उघडून पुढे केला. "घे गं."

मेघाचा हात लगेच उठेना. पुन्हा कुणीतरी हसायच्या बेतात होतं. मग तिने तो पंजा गच्च धरला.

विहीर तळापासून उजळली. रहाट करकरला. लोकांनी हात सोडून टाळ्यांचा कडकडाट केला, आणि सगळं भप्पकन विझलं.

ठकूबाईने मात्र मेघाचा हात सोडला नव्हता.

"टाळ्या कसल्या पिटताय रं?" ती खेकसली. "हात धरा!"